मागं राहिलेल्यांचं निवेदन

(एका वाचनालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आबांचा थोरला मुलगा आणि त्यांची नात माझ्या घरी आली. निमंत्रण दिलं, चहा झाला. निघताना मुलगा म्हणाला, "एक विनंती आहे. आबांविषयी बोलू नका. स्वतःबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की ते उठून आत जायचे. त्यांना आवडला असता अशा विषयावर बोला." मी विचारलं, "काय आवडायचं त्यांना?" तो जरा विचारात पडला. नात मात्र लगेच म्हणाली, "त्यांच्या उशाशी शेवटपर्यंत एकच पुस्तक होतं." तिनं ते पिशवीतून काढून माझ्या हातात दिलं. धर्मानंद कोसंबी यांचं आत्मचरित्र, 'निवेदन'. बांधणी सैल झालेली, पाठीला खाकी कागद डकवलेला.

आत पेन्सिलीच्या खुणा फारशा नव्हत्या. आबा पुस्तकं जपून वाचणारे असावेत. पण धर्मानंद घर सोडून निघतात त्या पानावर समासात दोन उभ्या रेघा होत्या, आणि रेघांशेजारी एक प्रश्नचिन्ह. नात म्हणाली, "आबांनी इथं काय विचारलं असेल हो?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी 'निवेदन' पुन्हा वाचलं, धर्मानंदांची बाकीची पुस्तकं काढली, त्यांच्या मुलाचं आणि नातीचं लेखन पुन्हा समोर घेतलं. आज मी बोलणार आहे ते धर्मानंदांच्या विद्वत्तेविषयी कमी. एका घरातल्या वडिलांविषयी, आजोबांविषयी आणि त्यांच्या पश्चात त्यांना आठवणाऱ्यांविषयी जास्त.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. शाळा अशी फारशी झाली नाही. घरचं बघायचं आणि हाताला लागेल ते मराठी पुस्तक वाचायचं, असं त्यांचं तरुणपण गेलं. १८९१ साली लग्न झालं. पत्नीचं नाव बाळाबाई. पुढं 'बालबोध' मासिकात बुद्धाविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. 'बालबोध' म्हणजे विनायक कोंडदेव ओकांनी मुलांसाठी चालवलेलं मासिक. मुलांसाठी लिहिलेला लेख विशीतल्या एका संसारी माणसाच्या हाती पडतो आणि त्याचं आयुष्य फिरतं, ही गोष्ट वाचनालयाच्या या सभागृहात मला मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्या कपाटातलं कोणतं पान कुणासाठी थांबलेलं आहे, हे ग्रंथपालालाही ठाऊक नसतं.

१८९९ साली त्यांना पहिली मुलगी झाली, माणिक. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, तेविसाव्या वर्षी, धर्मानंद घर सोडून पुण्याला निघाले. आधी संस्कृत शिकायचं आणि मग बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, एवढंच मनात होतं. जवळ पैसा नव्हता. पुण्यात ते रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. तिथून ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ साली नेपाळ गाठला. बुद्धाच्या जन्मभूमीत बुद्धधर्म भेटेल या आशेनं गेले आणि तिथली अवस्था पाहून खिन्न होऊन परतले. मग बोधगया, कलकत्ता, आणि समुद्र ओलांडून सिलोन. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी ते पाली शिकले, श्रामणेर म्हणजे नवदीक्षित भिक्षू झाले. पुढं ब्रह्मदेश, ध्यानाभ्यास, बुद्धाच्या पाऊलखुणांवरची यात्रा. १९०६ साली ते कलकत्त्याला आले तेव्हा घर सोडून सात वर्षं होत आली होती.

कॉलेजात असताना मी हे पहिल्यांदा वाचलं आणि भारावून गेले. अनवाणी चालणारा, उपाशी राहणारा, एका प्रश्नापायी देश पालथे घालणारा माणूस. आजही तो मला तितकाच मोठा वाटतो आणि त्यातला एक शब्द मला मागं घ्यायचा नाही. पण आबांच्या प्रश्नचिन्हापाशी थांबल्यावर मी तीच सात वर्षं दुसऱ्या टोकाकडून मोजून पाहिली. गोव्यातल्या एका घरात एक तरुण बाई आहे. पदरात तान्ही मुलगी. नवरा गेलेला नाही, म्हणजे वारलेला नाही, पण घरातही नाही. गावात कुणी विचारलं तर सांगायला शब्द नाही. मुलगी रांगते, चालते, बोलते, सात वर्षांची होते. या सात वर्षांचं प्रवासवर्णन कुठं आहे?

बाळाबाईंच्या हातचं असं काही आपल्यापुढं नाही. त्या काळात असं लिहिणाऱ्या बायका मराठीत होत्या, म्हणून ही उणीव अधिक जाणवते. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली आल्या. आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' १९४४ चं. पती महर्षी कर्वे यांच्या संस्थेपायी घरावर काय काय आलं ते त्यात आनंदीबाईंनी स्वच्छ सांगितलं आहे. आणि लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या सगळ्यांच्याच आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, नवरा-बायकोची ताटातूट झाली, त्या वर्षांत लक्ष्मीबाईंच्या मनावर जे गुदरलं ते 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे म्हणून आज टिळकांचं धर्मांतर आपल्याला दोन्ही बाजूंनी कळतं. लक्ष्मीबाईंनी ते लिहिलं नसतं तर आपण फक्त टिळकांची सत्याची ओढ वाचली असती. ती खरीच होती. तेवढंच वाचून आपण पुस्तक मिटलं असतं.

बाळाबाईंना अशी लेखणी मिळाली नाही. 'निवेदन' १९२४ साली छापून आलं, त्यात त्या दिसतात, पण नवऱ्याच्या वाक्यांतून. धर्मानंद प्रामाणिक लेखक आहेत, बायको-मुलीला सोडून आपण निघालो हे ते झाकत नाहीत. तरीही माणूस स्वतःची बाजू कितीही सचोटीनं सांगो, त्याला दुसऱ्याचं निवेदन लिहिता येत नाही. आबांचं प्रश्नचिन्ह मला इथं उमगायला लागलं.

आता पुढचं. परत आल्यावर धर्मानंदांनी संसार नाकारला नाही. १९०७ च्या ३१ जुलैला मुलगा झाला. आजोबांचं नाव दामोदर, तेच त्याला ठेवलं. नंतर आणखी दोन मुली. कलकत्त्यात ते पाली शिकवत होते, पण त्यांना ते ज्ञान मराठी माणसांपर्यंत न्यायचं होतं. बडोद्याच्या सयाजीरावांनी त्यांना महिना पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहायचं आणि ग्रंथ लिहायचे. कलकत्त्याची त्याहून बरीच मोठी मिळकत सोडून त्यांनी ते पन्नास रुपये पत्करले. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांचं पुस्तक झालं, 'बुद्ध, धर्म आणि संघ', १९१० चं. घरात खाणारी तोंडं वाढत असताना एवढा मोठा पगार सोडणं, हा निर्णय घरात कसा उतरला असेल याचीही कुठं नोंद नाही.

त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले. हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम अडलेलं होतं. हेन्री क्लार्क वॉरन हे अभ्यासक ते अर्धवट टाकून १८९९ साली वारले होते. धर्मानंद त्या एका ग्रंथासाठी चारदा अमेरिकेला गेले: १९१० ते १२, १९१८ ते २२, १९२६-२७ आणि १९३१-३२. मधल्या काळात, १९१२ ते १९१८, ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. चि. वि. जोशी त्यांचेच विद्यार्थी. चिमणराव आणि गुंड्याभाऊ महाराष्ट्राला देणारे जोशी पालीचे मोठे पंडित होते, आणि ती पाली त्यांनी धर्मानंदांकडून घेतली. त्यांच्याबरोबर शिकलेल्या पु. वि. बापटांसारख्यांनी पुढं महाराष्ट्रात पालीचा अभ्यास उभा केला.

या काळातली एक गोष्ट मला त्यांच्यातल्या बापाविषयी सगळ्यांत जास्त सांगून जाते. १९१८ साली दुसऱ्यांदा अमेरिकेला निघाले तेव्हा ते एकटे गेले नाहीत. एकोणीस वर्षांची माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना घेऊन गेले. १९१८ साली, पहिलं महायुद्ध अजून थांबलेलं नसताना, एक मराठी बाप आपल्या मुलीला शिकायला अमेरिकेला नेतो. माणिकचं कॉलेजशिक्षण तिथं झालं. सात वर्षांची होईपर्यंत जिनं बाप पाहिला नव्हता, तिला बापानं पुढं आपल्याबरोबर जगाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. यानं ती सात वर्षं भरून निघाली असं मी म्हणणार नाही. मुलांची वर्षं अशी भरून निघत नसतात. पण धर्मानंदांना ते देणं आठवत होतं, अशी माझी समजूत आहे. आणि बाळाबाई? त्या या वेळीही इकडेच राहिल्या. १९२२ साली धर्मानंद परतले, मुलगा शिक्षणासाठी तिकडेच राहिला. म्हणजे बाईच्या वाट्याला आधी नवऱ्याचा विरह आणि मग मुलाचाही.

आता मी ज्या पुस्तकाकडे येते आहे ते 'भगवान बुद्ध'. १९४० आणि ४१ मध्ये दोन भागांत आलं. मराठीतल्या मोठ्या ग्रंथांत मी त्याची गणना करते. पुढं साहित्य अकादमीनं ते भारताच्या इतर भाषांत नेलं. त्यात गृहत्यागाचं प्रकरण आहे. आपण लहानपणापासून ऐकत आलो ती कथा सर्वांना ठाऊक आहे. राजपुत्राला म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसतो, आणि मग एका रात्री, बायको आणि तान्हा मुलगा झोपेत असताना, तो गुपचूप निघून जातो. धर्मानंदांनी पाली ग्रंथ समोर ठेवून या कथेचे धागे सोडवले. म्हातारा-रोगी-प्रेत ही कथा दीघनिकायात आहे ती विपस्सी नावाच्या पूर्वीच्या एका बुद्धाची, ती मागाहून गौतमाला चिकटली. आणि गुपचूप निघून जाणं? मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात खुद्द बुद्धच सांगतात की आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत, केस-दाढी काढून मी घराबाहेर पडलो. म्हणजे चोरून नाही, झोपलेल्यांना फसवून नाही. आणि कारण काय? त्यासाठी धर्मानंदांनी सुत्तनिपातातलं अत्तदंड सुत्त पुढं केलं. माणसं एकमेकांवर शस्त्रं उगारतात हे पाहून आपण हादरलो, असं त्यात बुद्ध म्हणतात. शाक्य आणि कोलिय यांच्यातलं भांडण हे त्या हादऱ्यामागं असावं, असं धर्मानंदांनी मांडलं. १९५७ साली बाबासाहेब आंबेडकरांचा 'द बुद्धा अँड हिज धम्मा' प्रसिद्ध झाला, त्यातही सिद्धार्थाच्या गृहत्यागामागं रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेलं हेच भांडण आहे.

विद्वान या प्रकरणाकडे इतिहासाची दुरुस्ती म्हणून पाहतात. तशी ती आहेच. पण आता यापुढं सांगते ते माझं वाचन आहे, पुरावा म्हणून घेऊ नका. तेविसाव्या वर्षी तान्ही मुलगी आणि बायको मागं ठेवून निघालेला माणूस पासष्टीच्या उंबरठ्यावर बसून, चाळीस वर्षांनी, नेमका हाच प्रश्न पुन्हा काढतो. घर सोडणारा कसा निघाला? लपून की सांगून? घरच्यांचं रडणं त्यानं ऐकलं की नाही? आणि शोधून शोधून तो जे वाक्य पुढं ठेवतो त्यात रडणारी माणसं आहेत. आख्यायिकेत घरचे झोपलेले आहेत, मूळ सुत्तात ते जागे आहेत आणि रडत आहेत. धर्मानंदांनी झोपलेल्यांना जागं केलं. मला वाटतं, बाळाबाईंविषयी त्यांनी लिहिलेलं सगळ्यांत जवळचं पान हेच.

आबांच्या 'निवेदना'त ते प्रश्नचिन्ह आहे, तसं 'भगवान बुद्ध'ही त्यांच्या कपाटात होतं का, हे मी नातीला विचारलं. होतं. त्यात या पानावर कसलीच खूण नव्हती, पण पान दुमडलेलं होतं.

त्या मधल्या वर्षांत धर्मानंद स्वस्थ बसले नव्हते. गुजरात विद्यापीठात शिकवलं, लेनिनग्राडला जाऊन आले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला काम केलं, तुरुंगात गेले. परळच्या कामगारवस्तीत बहुजनविहार उभा केला. हे सगळं मोठं आहे आणि त्यावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं. मला मुलाकडे जायचं आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी. गणिती, आणि भारताच्या इतिहासलेखनाला नवं वळण देणारे. हार्वर्डमधून १९२९ साली पदवी घेऊन आले, बनारस, अलीगढ, मग वडील शिकवत होते त्याच फर्ग्युसनमध्ये १९३३ पासून गणित. १९४५ नंतर टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च. राहायचे पुण्याला, आणि डेक्कन क्वीननं मुंबईला जाऊन-येऊन करायचे. फटकळ, रागीट, कुणाची भीड न ठेवणारे म्हणून त्यांची ख्याती होती. वडील बुद्धाकडे गेले, मुलगा मार्क्सकडे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, यांचं काय जुळणार?

मुलानं वडिलांवर पुस्तक लिहिलं नाही. पण त्यानं काम कसं केलं ते पाहा. तक्षशिलेला सापडलेली आहत नाणी त्यांनी एकेक करून तराजूत घातली. नाणं हातोहात फिरताना झिजतं, झीज मोजली की नाणं किती काळ चलनात होतं ते सांगता येतं, हा विचार. देवीची ठाणी शोधायला मावळातल्या वाटा पायी तुडवल्या, पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर अश्मयुगीन गारगोट्यांची बारीक हत्यारं वेचली, कार्ल्याच्या लेण्यातले दानलेख स्वतः जाऊन वाचले. जे मुळातून पाहिलं नाही ते बोलायचं नाही. बुद्ध कळावा म्हणून सिलोनपर्यंत गेलेल्या माणसाचाच हा मुलगा. वडिलांचं वळण त्यानं पाठांतरानं घेतलं नाही, पायांनी घेतलं.

आणि एक गोष्ट ग्रंथालयाच्या फडताळावर डोळ्यांनी पाहता येते. ज्या 'विसुद्धिमग्गा'साठी धर्मानंद चारदा अमेरिकेला गेले, त्या कामात श्रेय कुणाचं यावरून कटुता झाली, वर्षानुवर्षं छपाई अडली. तो ग्रंथ हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्ये अखेर १९५० साली निघाला. धर्मानंद तेव्हा हयात नव्हते. त्या मालेतला तो ४१ वा ग्रंथ. त्यानंतरचा ४२ वा ग्रंथ १९५७ साली आला, विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश'. संपादक दामोदर कोसंबी आणि वा. वि. गोखले. बाप आणि मुलगा, एका मालेत, लागून. मुलाला वडिलांच्या शेजारी उभं राहायचं होतं की नव्हतं हे मी सांगू शकत नाही. उभा आहे एवढं खरं.

धर्मानंद ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला गेले. शरीर दुखण्यांनी खंगलं होतं, अन्न सोडून देह ठेवण्याचा त्यांचा निश्चय आधीपासून होता, गांधीजींनी एकदा त्यांना त्यातून परत फिरवलंही होतं. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजी त्यांच्याविषयी बोलले. हे जाणं थोर होतं असं म्हणणारे आहेत. मी ते म्हणणार नाही. मला तिथंही मागं राहिलेली माणसं दिसतात, ज्यांना त्यांची सेवा करायला मिळाली असती तर बरं वाटलं असतं.

त्यांची नात, दामोदर यांची मुलगी मीरा, तेव्हा आठ वर्षांची होती.

मीरा कोसंबी यांचं नाव या सभागृहातल्या पुष्कळांना ठाऊक असेल. समाजशास्त्रज्ञ. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातल्या स्त्री-अभ्यास केंद्राच्या संचालक होत्या. पंडिता रमाबाई, काशीबाई कानिटकर, आनंदीबाई जोशी, या एकोणिसाव्या शतकातल्या बायकांनी काय लिहिलं, काय सोसलं, हे शोधण्यात त्यांची हयात गेली. म्हणजे मघाशी मी बाळाबाईंविषयी जो प्रश्न केला तो प्रश्न आयुष्यभर विचारणारी बाई कोसंबींच्याच घरात जन्मली. आणि सत्तरीच्या घरात आल्यावर तिनं आजोबांचं काम हाती घेतलं. धर्मानंदांच्या निवडक लेखनाचा इंग्रजी ग्रंथ २०१० साली, आणि 'निवेदना'चा इंग्रजी अनुवाद २०११ साली. वडिलांवरच्या लेखांचा ग्रंथही त्यांनी त्यानंतर काढला.

अनुवाद म्हणजे काय हे ज्यांनी केलं आहे त्यांना कळेल. वाचताना एखादं अवघड वाक्य ओलांडून पुढं जाता येतं, अनुवाद करताना येत नाही. आजोबा आजीला सोडून निघाले, हे वाक्य मीराताईंना थांबून, शब्दाला शब्द तोलून, पुन्हा लिहावं लागलं. स्त्रीच्या बाजूनं इतिहास वाचणाऱ्या नातीनं ते वाक्य गाळलं नाही, मऊ केलं नाही, आणि त्यापायी आजोबांना टाकूनही दिलं नाही. मराठीबाहेरच्या जगाला आज धर्मानंदांचं आयुष्य त्यांच्या शब्दांत वाचता येतं ते तिच्यामुळं. आपल्या माणसावर प्रेम करण्याचा याहून खरा प्रकार मी पाहिलेला नाही.

हे मी इतक्या ठामपणे बोलते त्याला माझ्या घरचं कारण आहे. माझे वडील गेले तेव्हा आम्ही भावंडांनी एक स्मरणिका काढली. चोवीस पानांची. मुखपृष्ठावर कोट घातलेला फोटो. आत सगळ्यांचे लेख, आणि प्रत्येक लेखात त्यांची शिस्त, त्यांचा कष्टाळूपणा, त्यांची माया. एकही शब्द खोटा नव्हता. वर्षश्राद्धाला माझी मुलगी, तेव्हा ती बारावीत होती, आजोबांची पत्र्याची ट्रंक आवरत होती. वडील सरकारी नोकरीत कारकून, अकरा वर्षं त्यांच्या बदल्या दूरदूर झाल्या आणि आई आम्हां चौघांना घेऊन गावी राहिली. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. मनीऑर्डरीबरोबर येणारे मजकुराचे ते छोटे तुकडे आईनं दोऱ्यात ओवून ठेवले होते. माझ्या मुलीनं ते महिन्यांप्रमाणं लावले. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "आई, १९७३ मध्ये पाच महिन्यांचे नाहीत."

१९७२-७३ चा दुष्काळ. वडील तेव्हा मराठवाड्यात दुष्काळी कामावर हजेरीपट सांभाळत होते. खडी फोडणाऱ्या, रस्ते-तलाव खणणाऱ्या माणसांची हजेरी. ते पाच महिने पगाराचं काय झालं, त्यांनी तो कुणाला दिला, की पगारच अडकला, की आणखी काही, त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही कधी विचारलं नाही. त्या पाच महिन्यांविषयी आमच्या स्मरणिकेत एक ओळ नव्हती.

मुलीनं तो प्रश्न आजीला विचारला. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या वर्षी मी लोकांच्या गोधड्या शिवल्या. एका गोधडीचे चार रुपये. तुझ्या आईला वाटायचं मला शिवायचा नाद आहे." मला खरोखरच तसं वाटायचं. आई रात्री कंदिलाच्या उजेडात जुन्या लुगड्यांचे पदर जोडत बसायची आणि मी तिच्या शेजारी झोपायची, आणि मला ते सुख वाटायचं. पन्नाशी उलटल्यावर मला कळलं की ती आमची भाकरी होती.

यानं वडील माझ्या मनातून उतरले नाहीत. त्या दुष्काळात हजेरीच्या रांगेत उभी असलेली माणसं पाहून त्यांनी आपला पगार वाटून टाकला असेल, असं मला आजही वाटतं, कारण ते तसेच होते. पण तो पगार वाटला गेला असेल तर तो त्यांनी एकट्यानं वाटला नाही. त्यातला अर्धा वाटा गोधड्या शिवणाऱ्या बाईचा होता आणि तिची सही कुठल्याच हजेरीपटावर नाही. आई त्यानंतर दोन वर्षांनी गेली. तिच्या बोलण्याचं माझ्या मुलीनं कॅसेटवर केलेलं पाऊण तासाचं ध्वनिमुद्रण आमच्याकडे आहे. चोवीस पानांच्या स्मरणिकेपेक्षा मला माझे वडील त्या पाऊण तासात जास्त भेटतात.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या आठवणी काढण्याची रीत फार चांगली आहे, ती टिकली पाहिजे. या व्याख्यानमालेसारखं काही उभं करायला कष्ट पडतात, पैसा लागतो, आणि आबांच्या मुलांनी ते प्रेमानं केलं आहे. मला त्यांना एवढंच सांगायचं आहे की तुमचे आबा स्वतःच समासात प्रश्नचिन्ह लिहून गेले आहेत. स्वतःविषयी चांगलं ऐकवलं की ते उठून जायचे, असं तुम्ही सांगितलंत. मला वाटतं, त्यांनाही ठाऊक होतं की त्या चांगल्यातला निम्मा वाटा दुसऱ्या कुणाचा आहे आणि तो कुणी बोलून दाखवत नाही.

आबांच्या नातीला मी त्या दिवशी उत्तर दिलं नव्हतं. आता देते. बाळ, तुझ्या आबांनी त्या पानावर काय विचारलं ते मला सांगता येणार नाही, पण ज्यांना सांगता येईल त्या पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसल्या आहेत. त्यांचं वय ब्याऐंशी आहे. मघाशी दीपप्रज्वलनाला सगळ्यांनी आग्रह केला तरी त्या उठल्या नाहीत, "मी कशाला" म्हणाल्या. आबांच्या नोकरीची, चळवळीची, या वाचनालयासाठी दारोदार फिरण्याची सगळी वर्षं घर त्यांनी चालवलं. त्यांच्यापाशी बस. फोनवर ध्वनिमुद्रण चालू कर आणि घाई करू नकोस. आजी गप्प राहिल्या तर तूही गप्प राहा, पण उठू नकोस. जे मिळेल ते मी स्वतः कागदावर उतरवून देईन, त्याचं मानधन मला नको. आणि पुढच्या वर्षी या मालेत बाहेरचा वक्ता बोलावण्याआधी ते या व्यासपीठावरून वाचून दाखवा. मी ऐकायला येईन.